महाराष्ट्राचे पहिले पाच बुद्धिबळपटू: यादी कशी लावायची आणि ‘आपला’ कुणाला म्हणायचं?

(तेलगाव, ता. धारूर, जि. बीड इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न इथे घेतले आहेत.)

आजचा विषय वादाचा आहे. महाराष्ट्राचे पहिले पाच बुद्धिबळपटू कोण, हे सांगायचं आणि त्यातले ‘आपल्या मातीतले’ कोण तेही सांगायचं. माझी यादी मी सांगणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी यादी लावायची पट्टी कुठली, हे बघावं लागेल. कारण पट्टी बदलली की पहिला नंबर बदलतो, आणि भांडण सुरू होतं ते तिथूनच.

सगळ्यात सोपी पट्टी म्हणजे रेटिंग. आर्पाद एलो नावाचे, हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांनी ही पद्धत तयार केली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती स्वीकारली. हिशोब असा आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर वरच्याने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा धरतात. फरक ४०० चा असेल तर अकरा डावांत दहा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले की रेटिंग वाढतं, कमी मिळवले की उतरतं. किती वाढतं, ते तुम्ही कोण आहात त्यावर आहे. नवख्या पोराचं झपाट्याने हलतं आणि एकदा २४०० गाठलेल्या खेळाडूचं हळूहळू. १६०० रेटिंगच्या एखाद्या लहान मुलाने १८०० वाल्याला हरवलं तर एका डावात तीस गुण मिळू शकतात. तसाच पराक्रम ग्रँडमास्टरने स्वतःहून २०० ने वरच्या खेळाडूवर केला तर सातआठ.

या पट्टीने आजची यादी लावली तर वाद नाही. नाशिकचा विदित गुजराथी पहिला. २०१७ मध्ये त्याने २७०० ओलांडले, तेव्हा आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण यांच्यानंतर तिथे पोचलेला तो चौथा भारतीय होता. पुढे तो २७४० च्याही वर गेला. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस जिंकून तो कँडिडेट्सला पात्र ठरला. कँडिडेट्स म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी आठ जणांची स्पर्धा. टोरांटोला २०२४ मध्ये त्याने हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. शेवटी १४ पैकी ६ गुण, सहावा नंबर. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता.

आता गंमत बघा. याच पट्टीने नागपूरचा रौनक साधवानी नागपूरच्याच दिव्या देशमुखच्या बराच वर बसतो. दीडशे-दोनशे गुणांचं अंतर आहे म्हणा. दोघांचं शहर एक. दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, रौनकचा २२ डिसेंबर २००५ चा. तेरा दिवसांचं अंतर! रौनक २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दिव्या झाली २०२५ मध्ये. पण ती कशी झाली? जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक होता. तिला पंधरावं मानांकन होतं. वाटेत चीनची झू जिनेर, आपली हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी. अंतिम फेरीत कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला रॅपिडमध्ये दिव्याने हंपीला हरवलं. ग्रँडमास्टर किताब त्या विजयासोबतच मिळाला. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

मग नागपूरचा पहिला नंबर कुणाचा? रेटिंग म्हणतं रौनक. विश्वचषक म्हणतो दिव्या. दोन्ही उत्तरं खरी आहेत, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. रेटिंग सांगतं की उद्याच्या डावात कोण किती गुण घेईल. मोठी स्पर्धा सांगते की ज्या दिवशी सगळं पणाला लागलं होतं त्या दिवशी काय झालं. मी दुसऱ्या गोष्टीला जास्त मान देतो. तुम्ही देऊ नका, चालेल.

पण खरी अडचण पुढे आहे. आजच्या माणसांची कालच्या माणसांशी तुलना करायची झाली की रेटिंग साफ उघडं पडतं.

आपल्या माजलगाव धरणात पाणी किती, हे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजतात. यंदाची पातळी आणि दहा वर्षांपूर्वीची पातळी शेजारी ठेवता येते, कारण खालची रेघ हलत नाही. रेटिंगला अशी समुद्रसपाटीच नाही. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या मानाने तुम्ही कुठे, एवढंच ते सांगतं. १९७१ च्या यादीत फिशर २७६० वर होता आणि स्पास्की २६९० वर, म्हणजे २७०० च्या पुढचा प्रांत जवळजवळ एकट्या फिशरचा. विदित तिथे पोचला तेव्हा त्या घरात डझनांनी माणसं होती. यात विदितला कमी लेखायचं नाही. तो आकडा वेगळ्या काळातल्या आकड्याशी भिडवता येत नाही, इतकंच.

म्हणून प्रवीण ठिपसे यांचं नाव घेतो. जन्म १९५९. राष्ट्रीय विजेतेपद एकाहून अधिक वेळा, १९८४ चा अर्जुन पुरस्कार, आणि ग्रँडमास्टर किताब १९९७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आनंद आणि दिब्येंदू बरुआ यांच्यानंतर भारताचे तिसरे ग्रँडमास्टर. विदित झाला अठराव्या वर्षी, रौनक तेराव्या. आता कुणी म्हणेल, रौनकची गुणवत्ता ठिपशांच्या तिप्पट. असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, किताब मिळतो कसा ते ठाऊक आहे का?

किताबासाठी रेटिंग २५०० लागतं आणि तीन ‘नॉर्म’ लागतात. नॉर्म म्हणजे काय, तर साधारण नऊ फेऱ्यांच्या एका स्पर्धेत २६०० दर्जाचा खेळ करून दाखवायचा. ते घरच्या अंगणात चालत नाही. समोर पुरेसे ग्रँडमास्टर हवेत, आणि प्रतिस्पर्ध्यांत परदेशी खेळाडू हवेत. ठिपशांच्या उमेदीच्या काळात भारतात ग्रँडमास्टरच नव्हते. १९८८ पर्यंत एकही नाही! मग नॉर्म करायचा कुठे? युरोपात. विमानाचं तिकीट, परकीय चलन, तीन-चार आठवड्यांची रजा. आणि तिकडे पहिल्या दोन फेऱ्यांत सर्दी झाली की गेला नॉर्म, या परत. रौनकच्या वेळी देशात साठेक ग्रँडमास्टर होते, खुल्या स्पर्धांना परदेशी खेळाडू इथे येत होते, आणि मोबाइलमधला संगणक जगज्जेत्याहून बरा खेळत होता. ठिपशांना जे वीस वर्षांत जमवावं लागलं, त्यातलं बरंचसं रौनकला सुरुवातीलाच हाताशी होतं. पोराचं कौतुक आहेच. पण वयाच्या आकड्यातून गुणवत्ता काढू नका.

हेच मुलींच्या बाबतीत तर फारच ठळक आहे. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद १९७४ ला सुरू झालं. पहिली विजेती वासंती खाडिलकर. त्यानंतर जयश्री आणि रोहिणी. पहिलं दशकभर हे विजेतेपद एकाच घरात राहिलं, तिघी बहिणींत! घर ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांचं, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या वंशातलं. रोहिणीने १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा जिंकली, आणि ती जिंकणारी ती पहिलीच. पण मला तिची १९७६ ची गोष्ट जास्त मोठी वाटते. तेरा वर्षांची पोर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला. मुलगी इथे कशी? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपासून अडवता येणार नाही. आज दिव्या खुल्या गटात बसते तेव्हा तिला दारावर कुणी विचारत नाही. रोहिणीच्या रेटिंगमध्ये यातलं काही लिहिलेलं नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार?

तिच्यामागून भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) आणि अनुपमा अभ्यंकर (पुढे गोखले) आल्या. राष्ट्रीय विजेतेपद दोघींनाही प्रत्येकी पाच वेळा. म्हणजे जवळजवळ दोन दशकं भारताचं महिला बुद्धिबळ हे प्रामुख्याने महाराष्ट्राचं, त्यातही मुंबईचं होतं. आणि मग आपण मागे पडलो. आज तमिळनाडूचे ग्रँडमास्टर तिसाहून जास्त आहेत. आपले डझनभराच्या आसपास.

का मागे पडलो? तिकडच्या पोरांचा मेंदू वेगळा आहे, असं मी गंभीर चेहऱ्याने बोललेलं ऐकलं आहे. मेंदूचं सोडा. १९७२ मध्ये मद्रासला सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू झाला. भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल ॲरन त्याच्यामागे होते. रशियन पुस्तकं, मासिकं आणि आठवड्याला खेळायला चांगली माणसं. छोटा आनंद तिथे खेळून मोठा झाला. मग शाळा पुढे आल्या. गुकेश आणि प्रज्ञानंद एकाच वेलम्मल शाळेचे विद्यार्थी. एक खोली, एक माणूस आणि दर आठवड्याला स्पर्धा, असं वर्षानुवर्षं चालत राहिलं की एवढं उभं राहतं.

हे फक्त चेन्नईत होतं असंही नाही. आपल्या सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे उभं आयुष्य घातलं. वर्षामागून वर्षं स्पर्धा घेतल्या, मुलांना शिकवलं. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीची आहे. सांगली काही महानगर नाही. आणि नागपूर घ्या. दिव्या, रौनक, आणि संकल्प गुप्ता. २००३ ते २००५ या तीन वर्षांत जन्मलेले तीन ग्रँडमास्टर एका शहरात. तीन वर्षं नागपूरच्या पाण्यात काही पडलं होतं का? एकाने दुसऱ्याला ओढलं, स्पर्धा होत्या, शिकवणारे होते. बाभळी उगवतात तशी ही माणसं उगवत नाहीत, ऊसासारखं पाणी लागतं. [हशा]

आता ‘आपला’ कोण, या प्रश्नाकडे येऊ. इथे माणसं फार लवकर आडनावावर जातात. मग आडनावांचीच परीक्षा घेऊ. विदितचं आडनाव गुजराथी, वाढला नाशिकला, आणि जन्म इंदूरचा. साधवानी हे आडनाव सिंधी, पोरगा नागपूरचा. सौम्या स्वामीनाथन २००९ ची जागतिक ज्युनिअर मुलींची विजेती. जन्म केरळात पालक्काडचा, खेळ घडला पुण्यात. उलट तेजस बाक्रे बघा. आडनाव अस्सल मराठी, गाव अहमदाबाद, आणि तो गुजरातचा पहिला ग्रँडमास्टर. आडनावाने मोजायचं तर तेजस आपला आणि विदित परका. जन्माने मोजायचं तर विदित मध्य प्रदेशचा आणि सौम्या केरळची. दोन्ही पट्ट्यांनी भलतंच उत्तर येतं.

माझी पट्टी अशी आहे: पहिली दहा वर्षं कुठे गेली? पहिला पट कुणी मांडला, पहिल्या हरण्यावर कुणी समजावलं, पहिल्या बाहेरगावच्या स्पर्धेला कोण सोबत गेलं? या पट्टीने विदित नाशिकचा, सौम्या पुण्याची, तेजस अहमदाबादचा. पुढे परदेशी प्रशिक्षक घेतला म्हणून कुणी परका होत नाही. पण ही पट्टी लावली की एक टोचणारी गोष्ट दिसते. विदित आणि दिव्या, दोघांचेही आई-वडील डॉक्टर आहेत. यात त्यांचा दोष काहीच नाही; मुलांसाठी त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. परंतु ती पहिली दहा वर्षं घराने उचलली. राज्याने, शाळेने किंवा गावाने उचललेली नाहीत. नंतर यश आलं की मिरवणूक मात्र आपण सगळे काढतो.

मी आज जी नावं घेतली त्यांची गावं मनातल्या मनात मोजा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सांगली. त्यात भर घालतो: स्वप्निल धोपाडे अमरावतीचा, शार्दूल गागरे अहमदनगरचा. मराठवाडा आला का? नाही आला. इथे पारावर बुद्धिबळ खेळणारी माणसं काही कमी नाहीत. काही जुनी मंडळी अजून देशी पद्धतीने खेळतात. प्यादं पहिल्या चालीला एकच घर जातं, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या घरात पोचलं तिथलं मोहरं होतं. तो खेळ सुंदर आहे, पण त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

आणि पारावरचा खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनी झाला तरी होत नाही. हे नीट समजून घ्या, कारण आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. रेटिंग हवेतून तयार होत नाही, ते रेटिंग असलेल्या माणसाकडूनच यावं लागतं. पहिलं रेटिंग लागायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, तेही फिडेकडे नोंदलेल्या स्पर्धेत. तेलगावात उद्या दहा हुशार पोरं वर्षभर एकमेकांशी खेळली आणि त्यातलं एक खरोखर असामान्य निघालं, तरी वर्षाअखेरीला दहाही जणांचं रेटिंग शून्य. मोबाइलवरचं रेटिंग त्या यादीत चालत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बुद्धिबळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण आहे. त्यातूनही सहसा रेटिंग लागत नाही. शिवाय वरच्या फेऱ्या दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येतात, आणि तेव्हा या भागातली किती घरं कोयता घेऊन ट्रॅक्टरमध्ये चढलेली असतात, ते मी तेलगावात सांगायला नको. आई-बापाबरोबर पोरगंही जातं.

दूर, एका कोपऱ्यात आपसात खेळणाऱ्यांचं रेटिंग खोटं पडतं, हे फिडेलाही मान्य करावं लागलं. स्पर्धा वाढल्या, हजारो मुलं खालच्या रेटिंगवर आत आली, आणि १३०० वालं पोर १९०० वाल्याला हरवायला लागलं. शेवटी मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदम वर उचललं. १४०० वाला एका रात्रीत १६४० झाला. खेळ तोच, माणूस तोच. आकड्यावर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

आता माझी यादी. पहिला विदित. आठ जणांच्या त्या खोलीत महाराष्ट्रातून गेलेला तो एकटाच. दुसरी दिव्या, रौनकच्या वर, का ते सांगितलं. तिसरी रोहिणी खाडिलकर. चौथे प्रवीण ठिपसे. पाचव्या जागेवर मी अभिजित कुंटे यांना बसवतो, आणि इथे रौनकचे चाहते चिडणार हे मला दिसतंय. कुंटे पुण्याचे, २००० साली भारताचे चौथे ग्रँडमास्टर झाले, दोनदा राष्ट्रीय विजेते. बुडापेस्टला सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाचे कर्णधारही तेच होते. पण तो गुण मी खेळाडूंच्या यादीत धरलेला नाही. रौनक विशीत आहे. त्याचं उत्तर तो पटावर देईल.

प्रश्न: १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्यांत मराठी नाव आहे असं वाचलं होतं. ते यादीत का नाही?

बरोबर वाचलंत. रामचंद्र सप्रे. आंध्रात एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत ते आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते होते. यादी सहाची असती तर मी सप्र्यांना आणि रौनकला एका जागेसाठी भांडायला लावलं असतं. सप्रे ज्या पिढीचे, तिला नियमच नवे शिकावे लागत होते. अखिल भारतीय संघटना १९५१ ची. त्या खेळाची आजच्या खेळाशी तुलना करायला माझ्याजवळ कुठलीच पट्टी नाही, म्हणून बाहेर ठेवले.

प्रश्न: आमचं पोरगं सातवीत आहे, मोबाइलवर रोज खेळतं. पुढे काय करावं?

आधी ते हरल्यावर काय करतं, ते बघा. लगेच दुसरा डाव लावत असेल तर थांबवा. हरलेला डाव वहीत लिहून पुन्हा मांडायला लावा. महासंघाकडे नोंदणी करून फिडेचा क्रमांक काढून घ्या. एकदम पाच दिवसांच्या क्लासिकल स्पर्धेला पाठवू नका. खर्च तुमचा आणि पोराचा जीव दोन्ही थकतात. संभाजीनगर, लातूर, पुणे या बाजूला एका-दोन दिवसांच्या रेटिंग रॅपिड स्पर्धा होतात. रॅपिडचं रेटिंग वेगळं असतं, पण समोर रेटिंगवाले बसतात, घड्याळाची सवय लागते. एकट्याने जाऊ नका, चार पोरं मिळून एक गाडी करा. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर, दोन्ही रस्ते तुमच्या चौकातूनच जातात. शनिवारी निघालात तर रविवारी रात्री घरी. क्लासिकलची एक स्पर्धा वर्षातून करायची, ती एप्रिल-मेमध्ये. पट्टा पडलेला असतो, शाळेला सुट्टी असते, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरंही तेव्हा गावात असतात. त्यांनाही त्याच गाडीत घ्या.